घरीं बांधलेलें विमान आणि त्यांतील चुका



फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत जें मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें होतें, त्यांत सहा आसनांचें एक लहानसें विमान मांडलेलें होतें. तें कोणत्याही कारखान्यांत तयार झालेलें नव्हतें. कांदिवलीच्या चारकोप भागांतील एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव या वैमानिकानें तें वर्षानुवर्षें खपून बांधलें होतें. पुढें नोव्हेंबर २०१७ मध्यें त्याला सरकारी नोंदणीक्रमांकही मिळाला. ही हकीकत वाचून बहुतेक घरांत कौतुकाच्या पाठोपाठ एक शंका निघाली असेल : गच्चीवर बांधलेल्या विमानांत चूक राहिली तर?

शंका रास्त आहे. मात्र त्यांतील 'तर' हा शब्द मला जरा भाबडा वाटतो. घरीं विमान बांधणाराच्या हातून चूक होतेच. एकदां नव्हे, शेंकडों वेळां होते. अशीं विमानें आज जगांत हजारोंनीं उडत आहेत, तीं त्या चुकांचें बांधणारांनीं काय केलें, म्हणून उडत आहेत. आजच्या भाषणांत मला त्याविषयींच बोलावयाचें आहे.

यादवांच्या विमानाचा आराखडा त्यांचा स्वतःचा होता. त्याहून सोपा आणि पुष्कळ अधिक रूढ असा प्रकार म्हणजे सुट्या भागांच्या संचापासून विमान बांधण्याचा. त्याचें माहेर अमेरिका. तेथें जानेवारी १९५३ मध्यें पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थानें मिलवॉकी शहरीं अशा हौशी लोकांची एक संस्था काढली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन हें तिचें नांव. पुढें ऑरेगन प्रांतांतील रिचर्ड व्हॅनग्रन्स्वेन या एंजिनिअरानें अॅल्युमिनिअमच्या विमानांचे संच विकण्यास आरंभ केला, आणि त्याच्या कंपनीच्या आराखड्यांवरून बांधून उडविलेल्या विमानांची संख्या आज अकरा हजारांच्या पुढें गेली आहे. घरीं खोकीं येतात. त्यांत पत्रे, फासळ्या, रिव्हेटांच्या पुड्या आणि नकाशांचा गठ्ठा असतो. मोटार बाहेर काढून तिच्या जागेंत कारखाना थाटावयाचा आणि संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं काम करावयाचें. दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी संभाळून करणाराचीं त्यांत कित्येक वर्षें जातात.

अमेरिकेच्या कायद्यांत अशा विमानांकरितां एक कलम आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानें स्वतः बांधलेला असावा, आणि तो त्यानें आपल्या शिक्षणाकरितां अथवा करमणुकीकरितां बांधलेला असावा, अशी त्यांत अट आहे. बांधणाऱ्या लोकांत ती 'एक्कावन्न टक्क्यांचा नियम' म्हणून प्रसिद्ध आहे. उभा जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्याचें लक्ष त्यांतील 'शिक्षण' या शब्दाकडे गेल्यावांचून राहात नाहीं. कायद्यानें येथें बांधणाराला विद्यार्थी मानलें आहे. आणि विद्यार्थी म्हटला कीं वहींत खाडाखोड आलीच.

ही गोष्ट संच विकणारेही जाणून असतात. पहिलें खोकें येतें तें शेपटीचें. शेपूट लहान, तिचा खर्च कमी, आणि पंखांत लागणारी जवळजवळ सर्व कारागिरी तिच्यांत थोड्या प्रमाणांत येते. म्हणजे हात बिघडावयाचा तो स्वस्त पत्र्यावर बिघडावा. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते.

आतां प्रत्यक्ष काम पाहूं. अॅल्युमिनिअमचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून त्यांना भोंक पाडावयाचें, भोंकांत रिव्हेट घालावयाचा, एका बाजूनें हवेच्या दाबावर चालणारी बंदूक त्याच्या डोक्यावर टेकवावयाची आणि दुसऱ्या बाजूनें पोलादाचा जड ठोकळा धरावयाचा. बंदूक तडतडते आणि ठोकळ्याच्या बाजूस रिव्हेटाचें टोंक चपटें होऊन दुसरें डोकें तयार होतें. पुष्कळदां एकट्याचे हात पुरत नाहींत. मग नवरा बंदूक धरतो आणि बायको पंखाच्या आंत हात घालून ठोकळा धरते. असे रिव्हेट एका विमानांत दहा हजारांच्या पुढें असतात.

चांगला रिव्हेट कोणता याचें माप ठरलेलें आहे. मागें तयार झालेलें डोकें रिव्हेटाच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मे उंच असावें. रिव्हेट एक अष्टमांश इंचाचा असेल तर डोकें तीन षोडशांश इंच रुंद आणि एक षोडशांश इंच उंच. ठोकळा तिरपा झाला कीं डोकें एका अंगास कलतें. बंदूक घसरली कीं पत्र्यावर चंद्रकोरीसारखा खळगा उमटतो. नवशिक्याला तो बिघडलेला रिव्हेट डोळ्यांत खुपतो आणि तो लगेच काढावयास धांवतो. येथेंच पहिला मोठा धोका आहे. रिव्हेट काढावयाचा म्हणजे त्याच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल लावावें लागतें. तें तसूभर ढळलें कीं खालचें भोंक लांबट होतें. मग तेथें जाडा रिव्हेट घालावा लागतो. परंतु जाड्या रिव्हेटाला पत्र्याची कडही अधिक लांब हवी, कारण भोंकाचा मध्य कडेपासून निदान दोन व्यासांइतका दूर असावा असा सामान्य नियम आहे. कड अपुरी पडली कीं सबंध भाग बदलण्याची पाळी येते. आरंभीं दोष होता तो केवळ एका कललेल्या डोक्याचा!

म्हणून जाणते लोक सांगतात कीं, थोडा बिघडलेला रिव्हेट तसाच राहूं द्यावा. तो काढण्यानें होणारें नुकसान पुष्कळदां मूळ दोषाहून मोठें असतें. मुलाच्या निबंधांतील एक काना चुकला म्हणून सबंध पान फाडून पुन्हा लिहावयास लावणारे मास्तर मीं पाहिले आहेत. दुसऱ्या पानावर चार काने चुकलेले असत.

ज्यांना काढावाच लागतो त्यांच्याकरितां बाजारांत एक खास रिव्हेट मिळतो. त्याचा दांडा एक माप जाड, पण डोकें मूळच्याच लहान मापाचें. त्यामुळें वाढलेलें भोंक भरतें आणि बाहेरून ठिगळ दिसत नाहीं. साहेबाच्या तोंडून चूक होतांच जो 'ऊप्स' असा उद्गार निघतो, तेंच या रिव्हेटाचें नांव पडलें आहे. आपण त्याला 'अरेरे रिव्हेट' म्हणूं. ज्या धंद्यांत पश्चात्तापाचा माल तयार मिळतो, त्या धंद्याला चुकीची लाज वाटत नसावी हें उघड आहे.

याहून जरा मोठी आणि फार जुनी चूक म्हणजे दोन डावे भाग बांधणें. विमानाच्या डाव्या-उजव्या बाजू आरशांतील प्रतिबिंबासारख्या असतात. डावा भाग सुबक उतरला कीं बांधणारा आनंदाच्या भरांत त्याच्याच शेजारीं दुसरा तंतोतंत तसाच बांधतो, आणि जोडावयाच्या वेळीं दोन डावे जोडे हातांत येतात. येथें दुरुस्ती नाहीं. पैसे पाठवून नवा भाग मागवावा. पण ही चूक निरुपद्रवी आहे, कारण ती लपतच नाहीं.

लपणाऱ्या चुका निराळ्या. पत्र्यावर ओढला गेलेला बारीक चरा, भोंकाच्या कडेवर राहिलेली कंगोऱ्याची धार, यांकडे पाहून कोणासही कांहीं वाटणार नाहीं. परंतु उडतांना पत्रा क्षणोक्षणीं ताणला व सैल होतो, आणि अशा चऱ्याच्या टोंकाशींच पुढें तडा सुरू होतो. म्हणून चरा दिसला कीं तो घासून गुळगुळीत करावयाचा आणि प्रत्येक भोंकाची धार मोडावयाची. हें कंटाळवाणें काम जो टाळतो त्याचें विमान पहिल्या दिवशीं इतरांसारखेंच उत्तम उडतें. हीच त्यांतली अडचण आहे.

कधीं कधीं चूक बांधणाराची नसतेच. वर सांगितलेल्या ऑरेगनच्या कंपनीनें मागणी अतोनात वाढल्यावर कांहीं काळ पत्र्यांतील भोंकें छापानें पाडण्याऐवजीं लेसर किरणांनीं कापवून घेतलीं. रिव्हेटाचें डोकें पत्र्याशीं सपाट बसावें म्हणून भोंकाभोंवतीं वाटीसारखा खळगा दाबावा लागतो. तो दाबतांना यांपैकीं कित्येक भोंकांच्या कडांना तडे जाऊं लागले. २०२३ मध्यें हा प्रकार चव्हाट्यावर आला. कंपनीनें चाचण्या केल्या, कोणते भाग बदलावे आणि कोणते चालतील याच्या याद्या प्रसिद्ध केल्या, आणि त्या ओझ्यासह इतर अडचणींखालीं डिसेंबर २०२३ मध्यें तिला दिवाळखोरीच्या कायद्याचें संरक्षण मागावें लागलें. पुढच्या वर्षीं ती त्यांतून बाहेर आली. सहा महिन्यांचें काम उकलून पुन्हा करावें लागलेल्या लोकांची चीड मला समजते. तरी तडे सांपडले ते जमिनीवर, हें विसरून चालणार नाहीं.

तसे ते सर्वांनाच सांपडत नाहींत. १९३३ मध्यें फ्रान्समध्यें आंरी मिग्ने या हौशी माणसानें एक चिमुकलें विमान उडविलें. एकामागें एक असे दोन पंख; पुढचा पंखच वरखालीं कलवून विमान चढवावयाचें-उतरवावयाचें. 'आकाशांतील ऊ' असें त्याचें फ्रेंच नांव होतें. इंग्रजांनीं त्याची पिसू केली. १९३४ मध्यें मिग्नेनें तें कसें बांधावें याचें पुस्तक लिहिलें, आणि फ्रान्स-इंग्लंडांत घरोघरीं सुतारकामाचा नाद लागला. नंतर माणसें मरूं लागलीं. उडतांना नाक एकाएकीं खालीं वळे आणि विमान सरळ जमिनींत घुसे. फार्नबरो व शाले-म्यूदों येथील मोठ्या वातबोगद्यांत अखंड विमान ठेवून परीक्षा झाली, तेव्हां उलगडा झाला. विमान ठराविक मर्यादेपलीकडे नाकावर झुकलें कीं दोन पंखांमधील फटींतून वाहणाऱ्या वाऱ्यानें मागच्या पंखाची उचल इतकी वाढे कीं, वैमानिकानें दांडा कितीही ओढला तरी नाक वर येणें शक्य नसे. मेलेल्यांपैकीं कित्येकांची कारागिरी निर्दोष असेल. दोष नकाशांत होता, आणि नकाशा त्यांनीं इमानानें उतरविला होता. पुढें मिग्नेनें व इतरांनीं पंखांची मांडणी सुधारली. त्या सुधारलेल्या जातीचीं विमानें आजही उडतात. परंतु तोंपर्यंत त्या विमानाचें नांव गेलें तें गेलेंच.

याच्या अगदीं उलट गोष्ट १२ ऑक्टोबर १९९७ ची. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरेच्या उपसागरावर विमान कोसळून मरण पावला. 'लाँग-ईझी' नांवाचें तें विमान बर्ट रुटान याच्या आराखड्यावरून एका हौशी माणसानें घरीं बांधलेलें होतें, आणि डेन्व्हरनें तें नुकतेंच विकत घेतलें होतें. पेट्रोलच्या दोन टाक्यांपैकीं कोणती चालूं ठेवावयाची तें ठरविणारी तोटी मूळ आराखड्यांत वैमानिकाच्या समोर, हातासरशीं होती. बांधणारानें विचार केला कीं, बसावयाच्या जागेंत पेट्रोलची नळी नको. आणि तोटी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली. हेतु चांगला, काम नीटनेटकें. मात्र ती फिरविण्याकरितां वैमानिकाला कमरेंतून मागें वळावें लागे, आणि तसें वळतांना पाय नकळत सुकाणूच्या पायटीवर रेटला जाई. सरकारी चौकशी मंडळानें अपघाताच्या कारणांत तोटीची ही जागा, तिच्यावर कोणतीही खूण नसणें, टाकींतलें थोडें पेट्रोल आणि नव्या विमानाचा अपुरा सराव, या सर्वांचा निर्देश केला.

माझ्या मतें घरगुती बांधणींतील सर्वांत भयंकर चूक ही. वाकडा रिव्हेट बांधणाराला रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. आपली स्वतःची सुधारणा मात्र त्याला सुखानें झोंपवते. आपण चुकलों असें जेथें वाटतच नाहीं, तेथें कानस आणि ड्रिल काय करणार? तेथें दुसऱ्याचे डोळेच हवेत. म्हणून पोबेरेझ्नींच्या संस्थेनें अनुभवी सल्लागारांची एक पद्धत ठेवली आहे. हे लोक बोलावल्यावर घरीं येतात, पत्र्यानें झांकून टाकण्यापूर्वीं पंखाच्या आंत दिवा घालून पाहतात, आणि एक पैही घेत नाहींत. बांधणारानेंही दररोजच्या कामाची तारीखवार वही ठेवावयाची असते, छायाचित्रांसह. आपलें काम आपणच केलें हें दाखविण्यास ती लागते. पण पंख बंद झाल्यावर आंत कोणता भाग कसा दुरुस्त केला होता, हें सांगणारी साक्षही तीच.

विमान पुरें झालें कीं सरकारी परीक्षक येतो, आणि तो समाधान पावला तरी मोकळीक मिळत नाहीं. सामान्यतः प्रमाणित एंजिन व पंखा असल्यास पंचवीस तास, नसल्यास चाळीस तास, तें विमान नेमून दिलेल्या, विरळ वस्तीच्या टापूवरच उडवावयाचें; प्रवासी घ्यावयाचा नाहीं. रोज थोडें उंच, थोडें वेगानें जावयाचें, उतरल्यावर झांकणें काढून तेल कोठें गळतें, कोणता स्क्रू सैल झाला तें पाहावयाचें आणि वहींत लिहावयाचें. पुढें दर बारा महिन्यांनीं संपूर्ण तपासणी. ती करण्याचा परवाना बांधणाराला स्वतःला मिळूं शकतो, कारण त्या विमानाचें पोट त्याच्याइतकें कोणी पाहिलेलें नसतें. विमान त्यानें विकलें तर नव्या मालकाला तो परवाना मिळत नाहीं. 

हे तास भरले म्हणजे बायकोला किंवा मुलाला शेजारीं बसवून नेण्याची मुभा मिळते. त्या वेळीं आंत चढतांना दाराशीं निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल', म्हणजे 'प्रायोगिक', हा शब्द रंगविलेला त्यांना दिसतो. आणि हें विमान हौशी माणसानें बांधलेलें असून कारखान्यांतील विमानांस लागू असलेल्या सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाहीं, अशी पाटी नजरेसमोर असते. ती पाटी लावण्याचें काम बांधणाराला स्वतःच्याच हातानें करावें लागतें.