उशाशी ठेवलेली बॅटरी

पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च. आमच्या फैजपुरात मात्र ती बॅटरीच. ही स्वस्तातली वस्तू भरवशाची असते का, एवढ्याच प्रश्नावर आज बोलायचे आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण यावल-रावेरकडच्या केळीवाल्याला विचारा. शेतीची वीज रात्रीची असली की मध्यरात्री उठून मोटार चालू करायला जायचे. केळीची बाग दिवसाही गर्द. रात्री तर स्वतःचा हात दिसत नाही. पायाखाली ओला पालापाचोळा आणि त्यात मण्यार असू शकते. ती रात्रीच हिंडते, तिचा दंश फारसा दुखतही नाही. अशा जागी बटण दाबून उजेड पडला नाही तर?

माझ्यावर एकदा ही वेळ आली. नवी, चकचकीत बॅटरी ऐन बागेत विझली. झटकली, थोपटली, क्षणभर लुकलुकली आणि गेली. बांधापर्यंतची वाट मी पाय आपटत, अल्लाचे नाव घेत काढली. सकाळी उघडून पाहिली, तर सेल चांगले होते. बटणाखालची पत्र्याची पट्टी तेवढी वाकली होती.

स्वस्त बॅटरी बहुधा अशीच दगा देते. दीड व्होल्टचे दोन सेल, बल्ब, स्प्रिंग आणि पट्टी, याहून तिच्यात जास्त काही नसते. पण यातला प्रत्येक सांधा घट्ट आणि स्वच्छ हवा. साध्या सेलचे जस्ताचे डबडे वापराने झिजते, त्याला भोक पडते, आतले क्षार पाझरतात आणि स्प्रिंग गंजते. म्हणून काम नसले की अब्बा सेल काढून ठेवत. प्रवासात एक सेल उलटा घालत, म्हणजे पिशवीत बटण दाबले गेले तरी ती जळायची नाही. मंदावलेले सेल अम्मी उन्हात ठेवी. उबेने ते घटकाभर तरतरीत होत. संपलेला सेल फोडून त्यातल्या काळ्या कांडीने आम्ही भिंतीवर अक्षरे गिरवली.

आता एलईडी आले. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळाले. हा दिवा कमी वीज खातो, आपटला तरी त्याची तार तुटत नाही, कारण तार नसतेच. दोष निघतो तो चार्जिंगच्या घटात. शिशाचा घट रिकामा पडून राहिला की खराब होतो. म्हणून गरज नसली तरी महिन्यातून एकदा चार्ज करावा. आणि विकत घेताना बॅटरी दुकानातच लावून, चांगली हलवून पाहावी.

हल्ली पोरे मोबाइलच्या उजेडात मळ्यात जातात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, बॅटरीही घ्या. काही बरेवाईट झाले तर हाक मारायला फोनच लागेल. त्याचे चार्जिंग वाट बघण्यात संपवू नका.

अब्बा रोज मगरिबच्या नमाजनंतर बॅटरी एकदा लावून पाहत, मगच उशाशी ठेवत. आम्हाला तेव्हा हसू यायचे. आता ते काम मी करतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)