दरोड्याचा हिशेब

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'मधील शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोंक पाडावयास येतो, तेव्हां मापाची दोरी विसरल्याचें त्याच्या ध्यानांत येतें, आणि तो गळ्यांतील जानव्यानेंच माप घेतो. चोरी निंद्य खरी. परंतु तींतही मोजमापावांचून पाऊल टाकतां येत नाहीं, हें त्या ब्राह्मण चोरास पुरें ठाऊक होतें. तरुणांच्या आवडीच्या एका व्हिडिओ गेमचाही पाया हाच आहे.

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा तो खेळ. स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील रॉकस्टार नॉर्थ या संस्थेनें तो रचिला, आणि १७ सप्टेंबर २०१३ रोजीं तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या धर्तीवर उभारलेलें लॉस सँटोस हें काल्पनिक नगर ही त्याची रंगभूमि. खेळणारा बहुधा आपल्या पात्राच्या पाठीमागून सर्व कांहीं पाहतो. जणूं तो त्याची सांवलीच.

मायकेल नांवाचा निवृत्त दरोडेखोर रागाच्या भरांत एक घर पाडतो. त्यामागें एक बडा गुन्हेगार निघतो, व तो २५ लाख डॉलरांची भरपाई मागतो. हें देणें भागविण्यासाठीं जवाहिऱ्याचें दुकान लुटण्याचें ठरतें. लेस्टर हा चतुर योजक दोन मार्ग पुढें मांडतो. एक गाजावाजाचा: बंदुका रोखून सरळ आंत घुसावें. दुसरा गुपचुपीचा: कीटक मारणाऱ्यांच्या वेषांत जावें, छपरावरील हवेच्या झरोक्यांतून गुंगीचा वायु सोडावा, आणि आंतील माणसें निपचित पडल्यावर कांचेचीं कपाटें फोडावीं. पोलिसांचा पाठलाग मात्र दोहोंतही चुकत नाहीं.

खरी परीक्षा सोबती निवडतांना होते. प्रत्येकाचा लुटींतील वांटा आधींच ठरलेला असतो. गुस्ताव्हो मोटा हा कसलेला बंदूकवाला शेंकडा १४ मागतो. नॉर्म रिचर्ड्स हा कच्चा गडी शेंकडा ७ वर राजी असतो. निम्म्या मोलांत माणूस मिळतो, या लोभानें एखाद्याचा हात नॉर्मकडे वळतो. लूट साधते. मोटारसायकली भुयारांतून धांवूं लागतात. पोलिसांचा ससेमिरा मागें असतो, आणि त्या धांदलींत नॉर्मचा तोल जातो. तो पडतो, तो पुन्हां उठत नाहीं. त्याची पिशवी मागून येणाऱ्या फ्रँकलिनला उचलतां येते. नॉर्मला उचलतां येत नाहीं.

याउलट, जो सोबती जगून परततो त्याचें कसब अनुभवानें वाढतें, आणि पुढच्या कामीं तो अधिक उपयोगी पडतो.

या खेळांत हिंसा पुष्कळ आहे. युरोपांत तो १८ वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं, असा शिक्का त्यावर आहे, आणि तो शिक्का पालकांनीं मानावा हेंच उचित. परंतु ज्या सज्ञान मुलानें तो खेळला असेल, त्याला "चोरी कां केलीस?" असें विचारून फारसें साधणार नाहीं, खोट्या नगरांतली ती खोटी चोरी. "नॉर्मला कां निवडलेंस?" हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. गोळीबारांत गुंग झालेल्या खेळाडूला वाटतें, कीं नॉर्मचा मृत्यु भुयारांत झाला. वस्तुतः तो फळ्यासमोर बसून शेंकडा सात वाचविले, त्याच क्षणीं ठरला होता. कारखाना असो वा इमारतीचें बांधकाम, स्वस्त माणसाला अवघड जागीं धाडणारे हात खऱ्या जगांतही आहेत. तेथें मात्र खेळ पुन्हां पहिल्यापासून मांडतां येत नाहीं.