गिलाव्याआडचें काम

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण मराठी कुटुंबांत अजून ऐकूं येते. परंतु तिचा पूर्वार्ध शहरांतील माणसाच्या बाबतींत आतां फारसा खरा राहिलेला नाहीं. पूर्वींचा गृहस्थ घर बांधीत असे. आजचा गृहस्थ घर विकत घेतो. बांधणारा माणूस जोत्याच्या पहिल्या दगडापासून कौलांच्या शेवटच्या ओळीपर्यंत कामावर उभा राही. तो गवंड्याशीं हुज्जत घाली, चुना डोळ्यांदेखत मळवून घेई, भिंत सरळ आहे कीं नाहीं हें ओळंबा धरून स्वतः पाही. म्हणींत सुचविलेला मनस्ताप त्याला होई हें खरें; पण भिंतीच्या आंत काय आहे हें त्याला ठाऊक असे. विकत घेणाऱ्याचा मनस्ताप निराळ्या जातीचा आहे. तो घर ताब्यांत आल्यानंतर सुरू होतो, आणि त्या वेळीं भिंतीच्या आंत काय आहे हें सांगणारें कोणीच जवळ नसतें.

हा फरक जेथें स्पष्ट दिसतो असें एक ठिकाण म्हणजे वांगणी. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारें ७८ किलोमीटरांवर, बदलापूर आणि शेलू यांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यांत हें गांव आहे. भाताचीं खाचरें आणि कौलारू घरें हें ज्याचें जुनें रूप, त्या गांवाच्या आसपास गेल्या कांहीं वर्षांत बहुमजली इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईंत ज्या रकमेंत एक खोलीहि मिळत नाहीं, त्या रकमेंत येथें घर मिळतें, या एकाच कारणानें पुष्कळ कुटुंबें इकडे वळलीं. घर घेणारा नोकरीसाठीं मुंबईंत असतो. बांधकाम चालूं असतांना तो येतो रविवारीं किंवा सणाच्या सुटीस, आणि नेमकें त्याच दिवशीं बहुधा काम बंद असतें. त्याला दिसतात त्या उभ्या भिंती. भिंत उभी राहतांना ती त्यानें पाहिलेली नसते.

१५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें मुंबईच्या गिरणीकामगारांसाठीं शेलू व वांगणी येथें ८१,००० घरांची योजना मांडली गेली, तेव्हां कामगारांच्या संघटनांनीं तिला विरोध केला, आणि ९ जुलै २०२५ रोजीं आझाद मैदानावर आंदोलन झालें. मुंबईंतच घर हवें, ही त्यांची मागणी होती. त्या मागणीमागील मुख्य प्रश्न अंतराचा आणि हक्काचा. परंतु अंतराला आणखी एक बाजू आहे. दूरचें घर म्हणजे जें तयार होतांना मालकाला पाहतां येत नाहीं असें घर.

या खोऱ्यांतील जुनें घर पावसाला ओळखून बांधलेलें असे. जोतें उंच, भिंती विटांच्या किंवा कुडाच्या, वर उतरतें कौलारू छप्पर, आणि छपराची वळचण भिंतीपासून चांगली बाहेर आलेली. पावसाची धार भिंतीला शिवूं नये, पागोळ्या अंगणांत पडाव्यात, हा त्या बांधणीचा पहिला नियम होता. दुसरा नियम असा कीं, घराचा बहुतेक प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसे. वासा किडला तर दिसे, कौल फुटलें तर दिसे. आणि दरवर्षीं मृगाच्या आधीं घर शाकारून घेतांना सगळ्याची झडती होई. अशा घरांत कारागिरीबद्दल भांडण झालें तरी तें दिवसाअखेर मिटे. कारण गवंडी गांवांतला असे आणि पुढच्या वर्षीं त्यालाच पुन्हां बोलवावयाचें असे.

बहुमजली इमारतीला वळचण नाहीं. नैर्ऋत्येकडून वाऱ्यासह येणारा पाऊस सरळ भिंतीवर आपटतो, आणि ठाणें जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून ठेवली आणि हजारांहून अधिक उतारूंना बोटींतून बाहेर काढावें लागलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. जेथें पाणी असें आहे, तेथें भिंतींतील उणीव फार काळ झांकून राहत नाहीं. पहिला पावसाळा हाच तिचा परीक्षक.

त्या पहिल्या पावसाळ्यांत वादाला तोंड फुटतें. बैठकीच्या खोलींत भिंतीवर हातभर ओल दिसूं लागते. घरमालक म्हणतो, बांधकाम निकृष्ट. बांधणाराचा माणूस म्हणतो, खिडक्या बंद असतात म्हणून हवेंतला दमटपणा धरला आहे. नळकाम करणारा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराकडे बोट दाखवितो. वरचा शेजारी बाहेरच्या भिंतीकडे दाखवितो. शेवटीं कोणीतरी रंगाचा एक हात मारून जातो, आणि श्रावणांत तीच ओल पुन्हां त्याच जागीं उमटते. येथें सगळे खोटें बोलत असतात असें नाहीं. पुष्कळदां खरें कारण कोणालाच ठाऊक नसतें, कारण तें गिलाव्याच्या आड गेलेलें असतें.

तरीहि कारण शोधण्याच्या कांहीं साध्या रीति आहेत. पावसाबरोबर वाढणारी आणि उन्हाळ्यांत सुकणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीची असते. बारा महिने टिकणारी ओल बहुधा नळाची किंवा न्हाणीघराची असते. न्हाणीघराच्या मोरीचें तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवलें आणि खालच्या छताला पाझर फुटला, तर वाद संपतो. तड्यांचेंहि तसेंच आहे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या बारीक रेषा दिसावयास वाईट, पण सहसा धोक्याच्या नसतात. तुळई आणि विटांची भिंत जेथें मिळते तेथें आडवी रेघ पडली, तर त्या सांध्यावर गिलाव्याआधीं तारेची जाळी नीट ठोकली नसावी असा संशय घेतां येतो. परंतु खांबांत उभा तडा गेला किंवा तुळईंत तिरपा तडा पडला, तर तो रंगाऱ्याचा विषय नव्हे. तो अभियंत्याचा विषय आहे.

दुसरा वाद पद्धतीचा. विटांच्या भिंतींऐवजीं हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आल्या. त्यानंतर ॲल्युमिनियमचे सांचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटचे ओतण्याची पद्धत आली. मलेशियांतील एका कंपनीच्या नांवावरून तिला आपल्याकडे ‘माइवान’ म्हणतात. तिनें एक मजला आठवड्याभरांत उभा राहतो. घर घेणाऱ्याला ती घाई वाटते, बांधणाऱ्याला ती प्रगति वाटते. वस्तुतः पद्धत स्वतः वाईट नाहीं. ओतलेली भिंत विटांच्या भिंतीपेक्षां पुष्कळ बळकट असते. परंतु सांचे धरून ठेवणाऱ्या दांड्यांचीं भोकें नंतर नीट बुजविलीं नाहींत, तर त्याच भोकांतून पाऊस आंत येतो. शिवाय या पद्धतींत भिंत हीच घराचा आधार असल्यामुळें ती मनास येईल तेव्हां फोडतां येत नाहीं, हें घर देतांना स्पष्ट सांगितलेलें नसतें. यावरून असें दिसतें कीं, नवी पद्धत आली म्हणजे कारागिरीची गरज कमी होत नाहीं; ती निराळ्या जागीं जाते.

या सर्वांच्या मुळाशीं एक अगदीं साधें काम आहे, तें म्हणजे पाणी मारण्याचें. सिमेंट वाळून घट्ट होतें असा पुष्कळांचा समज आहे. तें खरें नाहीं. सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, आणि हा संयोग पुरा होण्यास दिवस लागतात. काँक्रीट साध्या सिमेंटचें असल्यास निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचें असल्यास निदान दहा दिवस सतत ओलें ठेवावें, असें भारतीय मानक ४५६ मध्यें सांगितलें आहे. स्लॅबचे टेकू किती दिवसांनीं काढावेत, सळईवर काँक्रीटचें आवरण किती जाड असावें, याचेंहि माप तेथें आहे. परंतु हें काम बिगाऱ्याच्या हातीं असतें. बांधणाऱ्याकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे, तेथून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून गवंड्याकडे अशी कामाची उतरंड असते, आणि मजुरी बहुधा मापावर मिळते. भिंत किती बांधली याचा पैसा मिळतो. तिला किती दिवस पाणी घातलें याचा मिळत नाहीं. दोष एकट्या मजुराला देणें म्हणूनच अन्यायाचें आहे.

कारागिरीच्या वादांत ओल आणि तडे एवढेंच पणास लागलेलें असतें, असें मात्र समजूं नये. वांगणीपासून गाडीनें अर्ध्या-पाऊण तासावर उल्हासनगर आहे. १५ मे २०२१ रोजीं तेथील मोहिनी पॅलेस इमारतीचा स्लॅब कोसळून पांच माणसें गेलीं. दोन आठवड्यांच्या आंत, २८ मे रोजीं रात्रीं, साई सिद्धि इमारतीच्या पांचव्या मजल्याचा स्लॅब एकेक मजला फोडीत तळाशीं आला आणि सात माणसें गेलीं. सप्टेंबर २०२२ मध्यें मानस टॉवरमध्यें आणखी चार जण दगावले. हे जुनाट वाडे नव्हते. त्या काँक्रीटच्या, अलीकडच्या दशकांतल्या इमारती होत्या. त्यानंतर १९९० नंतरच्या दशकांत घाईनें उभ्या केलेल्या इमारतींचा, आणि त्या शहरांत ‘उलवा रेती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकृष्ट वाळूचा प्रश्न पुन्हां चर्चेस आला. वाळूंत माती असली तर सिमेंटची पकड सुटते. ती खारी असली तर सळईला गंज चढतो. गंजलेलें लोखंड मूळच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतें, आणि आंतूनच काँक्रीट फोडून बाहेर पडतें. हें सारें वर्षानुवर्षें गिलाव्याच्या आड चालतें.

कायद्यानें या वादांची दखल घेतलेली आहे. मालकी हक्काच्या सदनिकांविषयींच्या महाराष्ट्राच्या १९६३ च्या अधिनियमांत, ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आंत दाखविलेला बांधकामाचा किंवा सामानाचा दोष बांधणाऱ्यानें विनामूल्य दूर करावा अशी तरतूद आहे. आणि वाद झाल्यास कांहीं भागांत तो अधीक्षक अभियंत्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें सोडवावा असेंहि त्यांत म्हटलें आहे. न्यायाधीशाआधीं अभियंत्यानें पाहावें ही त्यांतली दृष्टि शहाणपणाची होती. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानें, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, ही मुदत पांच वर्षांची केली, दोष दूर करण्यास तीस दिवस दिले, आणि तसें न केल्यास भरपाईचा हक्क दिला. महाराष्ट्रांत २०१८ पासून सलोखा मंचहि आहेत. तेथें ग्राहकांचे आणि विकासकांचे प्रतिनिधि एकत्र बसून तडजोड घडवूं पाहतात.

या तरतुदी उपयोगाच्या आहेत. पण त्यांची एक मर्यादा आहे. त्या ताब्याच्या दिवसापासून मोजूं लागतात, आणि पुरावा त्याच्या आधींच झांकला गेलेला असतो. शिवाय गंजाला कायद्याची मुदत ठाऊक नसते. पांच वर्षें निमूट गेलेली इमारत पंचविसाव्या वर्षीं कोसळूं शकते. म्हणूनच वाद घालावयाचा असेल तर तो गिलाव्याच्या आधीं घालावा, हें त्यांतल्या त्यांत स्वस्त आणि सुरक्षित.

एका कुटुंबाला हें जमणारें नाहीं; पन्नास कुटुंबांना जमेल. इमारत उभी राहत असतांनाच घर घेणाऱ्यांनीं एकत्र येऊन स्वतःचा एक अभियंता नेमला, तर प्रत्येकाच्या वांट्यास येणारा खर्च घराच्या किंमतींत नगण्य ठरतो. त्यानें चार गोष्टी मागाव्यात. स्लॅब कोणत्या दिवशीं ओतला आणि टेकू कोणत्या दिवशीं काढले याची नोंद. काँक्रीटचे ठोकळे अठ्ठाविसाव्या दिवशीं दाबून पाहिल्याचे अहवाल. सळया बांधून झाल्यावर आणि गिलाव्यापूर्वीं काढलेलीं छायाचित्रें. आणि ताब्याआधीं न्हाणीघरांत व गच्चीवर पाणी साठवून घेतलेली परीक्षा. चांगल्या बांधणाऱ्याला यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. उलट खोट्या तक्रारीविरुद्ध त्याच्या हातीं हाच पुरावा राहतो.

कारण खोट्या तक्रारीहि असतात. घर ताब्यांत येतांच न्हाणीघराची फरशी उखडणें, भिंत पाडून खोली मोठी करणें, गच्चीवर मातीचे वाफे करणें, आणि मग गळतीचा दोष बांधणाऱ्यावर टाकणें, हेंहि घडतें. जुन्या घरांत शाकारणी दरवर्षीं होई. काँक्रीटचें घर मात्र एकदां घेतलें कीं त्याला कांहीं लागत नाहीं असा समज रूढ झाला आहे. सहकारी गृहसंस्थांच्या उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पांच वर्षांनीं, आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनीं तपासणी सांगितली आहे. ही तपासणी म्हणजे काँक्रीटच्या घराची शाकारणीच होय.

याच परिसरांत, वालधुनीच्या कांठीं, अंबरनाथचें शिवमंदिर उभें आहे. त्यांतील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काल आहे. त्या काळ्या दगडांवर गिलावा नाहीं. प्रत्येक सांधा, प्रत्येक घडण येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, आणि बांधणाऱ्यांनाहि ती दिसणार आहे हें ठाऊक होतें. वांगणीच्या घरांना तसल्या दगडांची गरज नाहीं आणि तो खर्च कोणाला परवडणारहि नाहीं. परंतु आपलें काम कोणीतरी पाहणार आहे ही जाणीव गवंड्यापासून विकासकापर्यंत सर्वांना असावी, एवढी व्यवस्था पन्नास कुटुंबें मिळून खात्रीनें करूं शकतात. आणि ती केली तर पहिल्या पावसाळ्याची भीति बरीच कमी होईल.