उन्हाळी शिबिरातील सांघिक खेळ



उन्हाळी सुटीतील शिबिराचा कार्यक्रम आखताना प्रार्थना, श्रमदान, गाणी, गोष्टी यांना वेळ नेमून दिला जातो आणि उरलेल्या वेळेसमोर ‘खेळ’ एवढा एकच शब्द लिहिला जातो. कोणते खेळ, याचा विचार मैदानावर गेल्यावर होतो. मग संगीत खुर्ची सुरू होते आणि दोन मिनिटांच्या आत एक मूल बाहेर येऊन बसते. २० मुलांच्या या खेळात १९ फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत बाद झालेले मूल उरलेल्या १८ फेऱ्या नुसत्या पाहते. बहुधा ते बुजरे, अशक्त किंवा वयाने लहान असते. म्हणजे ज्याला खेळाची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच वाट्याला खेळ सर्वांत कमी येतो. स्पर्धेत हे चालून जाईल. शिबिरात चालू देऊ नये.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील मुलांनी अंगणातच शोधून ठेवलेले आहे. विषामृतात ज्याच्यावर राज्य असते तो ज्याला शिवेल त्याला ‘विष’ मिळते व त्याला जागीच बसावे लागते. परंतु एखाद्या भिडूने धावत येऊन ‘अमृत’ दिले की तो पुन्हा पळू लागतो. चपळ मुलाची चपळाई येथे दुसऱ्याला सोडविण्याच्या कामी येते. साखळीच्या शिवाशिवीत पकडला गेलेला गडी हात धरून साखळीत सामील होतो व स्वतःच पकडणारा बनतो. डबा ऐसपैसमध्ये लपलेल्यांपैकी एकाने जरी दृष्टीस न पडता डबा उडविला, तरी राज्य पुन्हा त्याच गड्यावर येते आणि आधी सापडलेले सारे सुटतात. आणि फारच लहान भावंड असेल, तर त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून सामील करून घेण्याची सोय आहेच. ते धावते, ओरडते, शिवले जाते, पण बाद होत नाही. नियमावलीत हा शब्द सापडणार नाही. तरीही बालमनाची इतकी जाण क्वचितच एखाद्या नियमात दिसते.

कबड्डीच्या जाणकारांनीही हा विचार केलेला होता. या खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. गामिनीत बाद झालेला खेळाडू आपला सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर राहतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी परत येतो. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो व खेळ चालू राहतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत जी कबड्डी खेळली गेली, तिच्यातही गडी परत येण्याचे तत्त्व होतेच. शिबिरात पहिले काही दिवस अमर खेळवावी, मुले सरावली की संजीवनी. गामिनी मात्र टाळलेली बरी. संगीत खुर्ची हवीच असेल, तर खुर्च्यांऐवजी गोणपाटाचे तुकडे अंथरावेत. प्रत्येक फेरीला एक तुकडा कमी करावा, मूल मात्र कमी करू नये. शेवटी दोनतीन तुकड्यांवर वीसही जण एकमेकांना धरून कसे मावतात, हे पाहण्यासारखे असते.

संघ पाडण्याची रीतही महत्त्वाची. दोन नायकांनी सर्वांसमक्ष एकेक नाव पुकारले की शेवटी उरलेल्या मुलाला आपली किंमत कळून चुकते. त्यापेक्षा जुनी पद्धत चांगली : बरोबरीच्या दोघांनी बाजूला जाऊन ‘चंद्र’ व ‘सूर्य’ अशी नावे घ्यावीत आणि नायकाने मुलाची नव्हे, नावाची निवड करावी. संघ समतोल होतात आणि कोणीही नकोसा ठरत नाही. अपंग मुलाला दरवेळी गुण मांडावयास बसविणे हीदेखील एक प्रकारची बादच होय. त्याला जोडीदार देऊन खेळात घ्यावे.

वेळेविषयी थोडेच सांगावयाचे आहे. विदर्भ, मराठवाड्यात मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत आटोपावेत व सायंकाळी ऊन उतरल्यावरच पुन्हा सुरू करावेत. दुपारी सावलीत सागरगोटे, काचापाणी, शब्दांच्या भेंड्या. पाण्याचा माठ मैदानाच्या कडेलाच हवा. आखणीसाठी चुना वापरू नये, तो डोळ्यांत जाण्याचे भय असते. फक्की नसेल तर राख पुरते.

पंचायत सदस्यांकडे मुख्य काम जागेचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. परंतु सुटीच्या दिवसांतच लग्नसराई असते आणि मोकळ्या पटांगणात मांडव पडतात. यास्तव सकाळ-संध्याकाळचे तास शिबिरासाठी आधीच राखून ठेवावेत, मांडवाच्या खुंट्या, खिळे व काचा वेचून घ्याव्यात. मुलींना मैदानाचा कोपरा नव्हे, निम्मे मैदान मिळते की नाही, हेही प्रत्यक्ष उभे राहून पाहावे.

साहित्याचा खर्च किरकोळ आहे. लगोरीला सात चपट्या खापऱ्या, रबरी चेंडू, एक रिकामा डबा, गोणपाट. समारोपाच्या बक्षिसांसाठी रक्कम ठेवलेली असल्यास तिच्यातून प्रथमोपचाराची पेटी व आणखी दोन चेंडू घ्यावेत, आणि शिबिर संपल्यावर चेंडू शाळेच्या कपाटात कुलूपबंद न करता गावातील मुलांकडेच राहू द्यावेत.