मतदाराची स्मृती

लोकशाहीत राज्यकर्त्यांचा हिशेब मतपेटीत होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु हिशेब करावयाचा तर खतावणी हाताशी हवी. आणि सामान्य मतदाराची खतावणी म्हणजे केवळ त्याची आठवण. ती किती काळ टिकते, यावरच फसलेल्या आर्थिक धोरणाची जबाबदारी कोणाच्या माथी बसणार, हे ठरते. या दृष्टीने इंग्लंडचा एक दाखला बोधप्रद आहे.

एप्रिल १९५५ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री बटलर यांनी अंदाजपत्रक मांडले आणि प्राप्तिकराचा दर पौंडामागे ६ पेन्सांनी उतरविला. २६ मे रोजी निवडणूक झाली व त्या पक्षाचे बहुमत चांगलेच वाढले. वास्तविक देशातील मागणी आधीच फुगली होती आणि पौंडावर ताण पडू लागला होता. ऑक्टोबरात त्याच अर्थमंत्र्यांना दुसरे अंदाजपत्रक मांडावे लागले. खरेदीकर वाढला, इतकेच नव्हे, तर तो स्वयंपाकघरातील भांड्यांवरही बसला. लोकांनी त्याला ‘भांड्याकुंड्यांचे अंदाजपत्रक’ असेच नाव दिले. वसंतात करदात्याच्या खिशात जे घातले, त्यातले बरेचसे हिवाळ्यापूर्वीच त्याच्या घरातून परत गेले.

मजूर पक्षाचे गेट्स्केल यांनी मतदारांची फसवणूक झाल्याचा उघड आरोप केला. डिसेंबरात बटलर यांचे खाते बदलले. पण पुढे काय झाले? १९५९ च्या एप्रिलमध्ये नवे अर्थमंत्री एमरी यांनी प्राप्तिकरात ९ पेन्सांची सूट दिली, बिअरही स्वस्त केली. ८ ऑक्टोबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला शंभराचे मताधिक्य मिळाले, आणि पराभूत पक्षाचे नेते होते तेच गेट्स्केल! जुलै १९६१ मध्ये पौंड पुन्हा संकटात आला. बँकदर ७ टक्क्यांवर गेला, सरकारी नोकरांची पगारवाढ रोखली गेली. मागचे पाढे पंचावन्न! तोवर एमरी यांनी अर्थखाते सोडलेही होते.

मग इंग्लंडचा मतदार मूर्ख होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वर्षांत लोकांना काम होते, वेतन वाढत होते. डोळ्यांना दिसले त्यावर त्याने मत दिले. अडचण आहे ती काळाच्या अंतराची. करातील सूट पुढच्याच पगारात दिसते. तिची किंमत उशिरा, आणि दुसऱ्याच नावाने, द्यावी लागते. तोवर कारण व परिणाम यांची ताटातूट होते, मंत्रीही बदलतात. मतदार नजीकच्या भूतकाळालाच अधिक महत्त्व देत असेल, तर सत्तेच्या आरंभी कडक आणि अखेरीस सैल धोरण राखणे सरकारच्या हिताचे ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांनी १९७५ मध्ये गणिताने मांडून दाखविले.

यावर मतदाराला स्मरणशक्तीचा उपदेश करणे हा उपाय नव्हे. व्यक्ती विसरते, दप्तराने विसरता कामा नये. ब्रिटिश पार्लमेंटाने १८६१ मध्ये लोकलेखा समिती नेमली, ती याच जाणिवेने. भारतीय राज्यघटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे व विधिमंडळांपुढे ठेवले जातात. संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. मात्र या यंत्रणा प्रामुख्याने झालेला खर्च तपासतात. निवडणुकीपूर्वी दिलेले अभिवचन आणि त्याचे दोन-तीन वर्षांनी दिसलेले फळ एकाच पानावर मांडण्याचे काम वृत्तपत्रांनी, विद्यापीठांनी आणि विरोधी पक्षांनी करावयाचे असते.

पोटापाण्याच्या विवंचनेत असलेला नागरिक जुना हिशेब विसरला, तर तो क्षम्य आहे. ज्यांच्या कपाटात तो हिशेब लिहिलेला आहे, त्यांनी मतदानाच्या दिवसापूर्वी तो त्याच्यापुढे न उघडणे मात्र क्षम्य नाही.