प्रार्थनेस वेळ

आमच्या म्हसवडच्या घरीं पहांटे पाण्याची धांदल, मग शाळा, कामधंदा. प्रार्थनेस वेळ कोठें आहे, असें जो तो म्हणे. जन्मभर शाळेचें वेळापत्रक आंखणाऱ्या मीं घरीं प्रभूसाठीं एकही घटका राखली नव्हती. मग पंडिता रमाबाई आठवल्या. केडगांवीं मुक्तिसदनांत शेंकडों निराश्रित स्त्रियामुलांचा संसार सांभाळून, सुमारें १८ वर्षें खपून त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल मराठींत आणलें. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं निघाला. फुरसतीची वाट पाहत्या, तर तो झालाच नसता. हल्लीं रात्रीं पानें वाढण्यापूर्वीं आम्ही दहा मिनिटें एकत्र बसतों. भाकरी थोडी निवते. पण धाकटा नातू आतां न सांगतां पवित्र शास्त्र काढून ठेवतो.