क्रूझ जहाजावरची नोकरी : पैसे भरण्याआधी

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी महूला राहतो. समुद्र इथून चांगलाच लांब आहे, तरी मला येणाऱ्या फोनांत एक प्रश्न हल्ली वरचेवर असतो. "सर, क्रूझवर नोकरी मिळतेय. जाऊ का?"

विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, हॉटेल मॅनेजमेंट झालेली बावीस-तेवीस वर्षांची मुलं-मुली. दुसरे, सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत पेन्शनवर आलेले आमचे जवान. त्यांना जहाजाच्या सिक्युरिटी विभागात काम मिळू शकतं. ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले नेपाळी गुरखे हे काम बरीच वर्षं करत आले आहेत, त्यामुळे माजी सैनिकाला तिथे मान आहे.

बेळगावजवळच्या एका गावचा, माझ्या पलटणीतला हवालदार. त्याचा फोन आला. म्हणाला, "साहेब, एजंट अडीच लाख मागतोय. सीट कन्फर्म आहे म्हणतो. पन्नास हजार आज भरले नाहीत तर सीट दुसऱ्याला जाईल. भरू का?"

मी त्याला विचारलं, "तुला फौजेत भरती करून घेताना सरकारने किती पैसे घेतले होते?"

"एक रुपया नाही, साहेब."

"मग इथे का भरतोस?"

तो गप्प. मग म्हणाला, "साहेब, सगळेच भरतात."

हे "सगळेच भरतात" फार महागात पडतं, म्हणून याच गोष्टीवर मी जास्त वेळ घालवणार आहे. दर्यावर्दी कामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. भारताने तो २०१५ साली मान्य केला. वेटर, खोल्या साफ करणारा, आचारी, गार्ड, असे सगळे त्यात येतात. त्या करारात स्वच्छ लिहिलंय की नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. कामगाराने स्वतःच्या खिशातून करायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, दर्यावर्दीचं पुस्तक आणि वैद्यकीय दाखला. एजंटला त्याची दलाली जहाजाची कंपनी देते.

आपल्याकडे अशी भरती करणाऱ्या एजन्सीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. कोणाचा परवाना चालू आहे, कोणाचा स्थगित आहे, याची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला परवान्याचा फोटो बघू नका. वेबसाइटवर जाऊन नाव, पत्ता आणि नंबर स्वतः जुळवा. एका अक्षराचा फरक असलेली नावं मुद्दाम घेतली जातात.

हवालदाराने तसं केलं. त्या नावाची एजन्सीच यादीत नव्हती. आणि ऑफर लेटर? त्यावर जहाजाचा सुंदर रंगीत फोटो होता, जहाजाचं नाव मात्र नव्हतं. शेवटी एक ओळ होती, "उमेदवाराने टुरिस्ट व्हिसावर दुबईला हजर व्हावे." मंडळी, जो माणूस तुम्हाला कामासाठी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तो तुम्हाला परक्या देशात बेकायदा करून ठेवतो. मग तक्रार कुठे करणार? पोलिस आधी तुम्हालाच धरणार.

आता खरा रस्ता. डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेत सुरक्षेचे प्राथमिक कोर्स करावे लागतात. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची शिस्त आणि जबाबदारी, आणि सिक्युरिटीचा एक. याला एसटीसीडब्ल्यू म्हणतात. त्यासाठी आधी इन्डॉस नंबर काढायचा. मग सीडीसी, म्हणजे दर्यावर्दीचं पुस्तक. तुम्ही कुठल्या जहाजावर कधी चढलात, कधी उतरलात, याची नोंद त्यात होते. फौजी माणसाला सांगायचं तर तुमचं सर्व्हिस बुक. डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी. जहाज अमेरिकेच्या बंदरांना लागत असेल तर सी-वन-डी व्हिसा. कोर्सची फी तुमची तुम्हालाच भरायची आहे, पण ती संस्थेला, पावती घेऊन. "कोर्स, सीडीसी, नोकरी, सगळं पॅकेज" असं कोणी म्हणालं की उठून चहा न पिता बाहेर पडा.

समजा, सगळं सरळ झालं आणि खरोखरच्या कंपनीचा करार हातात आला. तिथून पुढचा हिशेब फार कमी लोक करतात.

समजा, पगार महिना एक हजार डॉलर. ऐकायला छान. पण करार आठ महिन्यांचा. हॉटेल विभागात सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. करार संपला, तुम्ही उतरलात, की पगार थांबला. पुढच्या बोलावण्यापर्यंत दोन महिने जातील, चार जातील, घरी बसून खायचं. म्हणजे वर्षाचे आठ हजार डॉलर, बारांनी भागा, महिना साडेसहाशेच्या आसपास. आता त्यातून कोर्स, वैद्यकीय तपासणी वजा करा. फौजेत साठ दिवसांच्या वार्षिक रजेवर घरी आलो तरी पगार चालू असायचा. त्या सवयीचा माणूस इथे फसतो. उरलेली रक्कम तुमच्या गावातल्या मिळकतीपेक्षा किती जास्त आहे ते बघा. बऱ्याच वेळा जास्तच असते, कारण जहाजावर राहणं-खाणं फुकट असतं. पण फरकाचा आकडा कागदावर दिसला पाहिजे.

वेटर किंवा केबिन सांभाळणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक विचारा. सांगितलेली रक्कम हा नक्की पगार आहे की टिप धरून अंदाज? टिप धरून असेल तर किमान किती मिळेल, हे लिहून घ्या.

कामाचे तास. याच आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. आता उलटा हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ गेले, उरले ९१. म्हणजे कायदा न मोडताही तुमच्याकडून एवढं काम करून घेता येतं. शिवाय ती दहा तासांची विश्रांती दोन तुकड्यांत देता येते, फक्त त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. रविवार नाही. दिवाळीला जहाजावर पाहुणे जास्तच असतील. मी डोंगरावरच्या चौकीत महिने काढले आहेत, कामाची भीती मला कोणी दाखवू नये, पण तिथेही कधीतरी हवा बंद पडून दिवसभर पत्ते कुटायला मिळायचे. पाहुण्यांनी भरलेल्या जहाजावर हवा बंद पडत नाही.

राहायला पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली, बिनखिडकीची, दोघांची खोली. बराकीत राहिलेल्याला तेवढं काही वाटणार नाही. आयकॉन ऑफ द सीज हे २०२४ मध्ये सुरू झालेलं जहाज घ्या. त्यावर साधारण साडेतेवीसशे कर्मचारी आहेत. एवढी माणसं आमच्या दोन पलटणींपेक्षा जास्त झाली. मोठ्या जहाजांवर भारतीय बरेच असतात, त्यामुळे डाळ-भात मिळतो आणि हिंदी बोलायला माणूस भेटतो. मराठी भेटला तर नशीब, कोकणी मात्र नक्की भेटेल. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर गेली. तिथे अशा माणसाला तारवटी म्हणतात, तारू म्हणजे जहाज त्यावरून. बोटीची वाट बघत मुंबईत थांबायला त्यांनी धोबीतलावच्या बाजूला गावागावाच्या खोल्या घेतल्या होत्या, त्यांना कूड म्हणतात. कोण कंपनी चांगली, कोण बुडवी, हे त्या कूडात कळायचं. जबलपूरच्या किंवा बिदरच्या मुलाच्या मागे असा कूड नाही. म्हणून त्याच कंपनीत एक करार पुरा करून आलेला माणूस शोधा आणि त्याच्याशी बोला. जहाजावरून नुकताच परतलेला बघा, दहा वर्षांपूर्वी सोडलेला नको.

सिक्युरिटीत जाणाऱ्या जवानांना थोडं वेगळं सांगतो. बहुतेक ठिकाणी हातात बंदूक नसते. जिन्यावर ओळखपत्रं तपासायची, एक्स-रे मशीनवर सामान बघायचं, रात्री गस्त घालायची, दारू पिऊन भांडणाऱ्या पाहुण्याला न दुखावता खोलीत पोचवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. इंग्रजी नीट बोलता आलं पाहिजे, काही कंपन्या त्याची परीक्षा घेतात. आणि तुमचा हुद्दा गावाच्या वेशीवर ठेवून जा. तुमचा वरिष्ठ अठ्ठावीस वर्षांचा असेल, कदाचित बाई असेल, आणि "सुभेदार साहेब" म्हणणारं कोणी नसेल.

धोक्याबद्दल. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडलं. ३२ जण गेले. त्यात मुंबईजवळचा एक वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. जवळजवळ तीन वर्षं त्याचं घर वाट बघत होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकलं, त्यावर शंभराहून जास्त भारतीय कर्मचारी होते. असं रोज होत नाही. पण तुम्ही एप्रन घालून गेलात तरी भोंगा वाजल्यावर पाहुण्यांना जीवरक्षक नावेपर्यंत नेणं हे तुमचंच काम असतं. ड्रिलला कंटाळणारा माणूस तिथे नको.

याहून जास्त वेळा येणारा प्रसंग दुसराच आहे. वडील जातात. फौजेत तार यायची, सीओ साहेब रजा मंजूर करायचे, माणूस ट्रकने, रेल्वेने निदान तेराव्याला पोचायचा. जहाज बंदरापासून दोन दिवस लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर अंत्यदर्शन घ्यावं लागतं. बंदर आल्यावर उतरू देतात का, तिकिटाचा खर्च कोण करतं, परत घेतात का, हे करारात शोधा, नसेल तर लेखी विचारा. करार पुरा झाल्यावर घरी पाठवण्याचा खर्च मालकाचा असतो. मधेच स्वतःहून निघालात तर तो तुमच्या माथी येऊ शकतो. आजारी पडलात किंवा जखमी झालात तर उपचाराची जबाबदारी मालकाची असते. ती किती आठवड्यांपर्यंत, तेही करारात वाचा. नियमाप्रमाणे १६ आठवड्यांपेक्षा कमी लिहिता येत नाही.

मग जावं की नाही? माझं मत विचाराल तर अविवाहित मुलामुलींनी दोन-तीन करार जरूर करावेत, किती पैसे जमले की परतायचं तो आकडा ठरवून. चाळिशीच्या जवानाला मी आधी एक विचारतो. सतरा वर्षं बायकोने एकटीने घर काढलं, तिला पेन्शननंतर काय हवंय, हे तू तिला विचारलंस का? हवालदाराने विचारलं नव्हतं. मग विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं जा, मुलीच्या नर्सिंगची फी निघू दे, त्यानंतर मात्र नाही. आता तो परवाना असलेल्या एजन्सीतून प्रयत्न करतोय, कोर्स झालेत, अडीच लाख बँकेतच आहेत.

त्याला मी एवढंच काम सांगितलं आहे की निघण्याआधी एक कागद घरी भिंतीवर चिकटव. त्यावर जहाजाचं नाव, ते कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे, त्याचा सात आकडी आयएमओ नंबर, एजन्सीचा परवाना क्रमांक आणि फोन. बऱ्याच जहाजांवर कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट ऑफिसात जमा असतात, म्हणून पासपोर्ट, सीडीसी आणि कराराच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स बायकोकडे. आणि पगार जमा होणारं खातं तिला चालवता आलं पाहिजे, हे तो असतानाच बँकेत जाऊन बघून घ्यायचं.